इपॉक्सी फ्लोअरिंगचा धंदा : दर सांगण्याआधी कोबा तपासा

आजचा विषय इपॉक्सी फ्लोअरिंग. साताऱ्याहून, गडहिंग्लजहून, बेळगावहून नुकतेच निवृत्त झालेले जवान आणि जेसीओ मला फोन करतात. प्रश्न साधारण एकच असतो : "सर, ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे हातात आलेत. हा धंदा चालतो का? आणि मशीन कुठलं घेऊ?" धंदा चालतो. मी स्वतः निवृत्तीनंतर म्हैसूरजवळ कडकोळला तो करतो आहे. मशीनचं मात्र थोडं थांबा. वीस वर्षांच्या नोकरीची पुंजी एका ग्राइंडरमध्ये घालायची घाई करू नका. त्याआधी ज्या जमिनीवर तुम्ही काम करणार, ती ओळखायला शिका.

कडकोळ कुठे आहे ते सांगतो. म्हैसूरहून नंजनगूडच्या रस्त्याला लागलं की मंडकळ्ळीचा विमानतळ जातो आणि पुढे साधारण निम्म्या वाटेवर कडकोळ येतं. टीव्हीएसचा दुचाकींचा कारखाना इथलाच, कॉनकॉरचं कंटेनर टर्मिनल इथलंच. शेजारी तांड्याची औद्योगिक वसाहत. नंजनगूडकडे नेस्लेची कॉफी, ज्युबिलंटची औषधं, एटीअँडएसचे सर्किट बोर्ड. इम्मावूला २०१८ पासून एशियन पेंट्सचा मोठा कारखाना आहे. म्हैसूर शहरात १९३७ साली महाराजांनी सुरू केलेला रंगाचा कारखाना आहेच. मतदानाची शाई तिथूनच येते. म्हणजे रंग आमच्या अंगणातच तयार होतो. तरी सांगतो, रंगात पैसा फारसा मिळत नाही. डबा तुम्हाला ज्या भावात मिळतो, साधारण त्याच भावात शेजाऱ्यालाही मिळतो.

आता इपॉक्सी म्हणजे काय, ते थोडक्यात. दोन डबे असतात, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता निघते आणि माल कडक होतो. साधा रंग वाळतो, हा पिकतो म्हणा. त्यामुळे प्रमाण चुकलं, तर दुसऱ्या दिवशी ऊन दाखवून काही उपयोग नाही. तो भाग कायमचा चिकट राहतो आणि खरवडूनच काढावा लागतो. काम तीन तऱ्हांचं असतं. रोलरने दोन-तीन हात मारायचे, जाडी २००-३०० मायक्रॉन, ते कोटिंग. माल ओतून पसरायचा, जाडी १ ते ३ मिलिमीटर, ते सेल्फ-लेव्हलिंग. आणि जड वाहतुकीसाठी वाळू घालून ४ ते ६ मिलिमीटरचा थापीने ओढायचा स्क्रीड. गिऱ्हाईक तिन्हींना "इपॉक्सी" म्हणतं आणि तिन्हींचा दर एकच असावा अशी त्याची इच्छा असते. म्हणून कोटेशनमध्ये जाडी आकड्यात लिहा.

हे सगळं चिकटतं खालच्या कोब्याला, आणि खरी गोम तिथेच आहे. ट्रिमिक्स असो की साधा कोबा, वर सिमेंटच्या पाण्याची पातळ, मऊ पापडी आलेली असते. दिसायला ती गुळगुळीत, सुंदर. तिच्यावर इपॉक्सी मारलं तर इपॉक्सी तिला घट्ट धरतं आणि ती पापडीच कोब्यापासून सुटते. फोर्कलिफ्ट चार दिवस फिरली की पोपडे. म्हणून डायमंड ग्राइंडरने किंवा शॉट ब्लास्टिंगने ती काढायची, खालची खडी-वाळू हाताला खरखरीत लागेपर्यंत. मग व्हॅक्यूमने धूळ ओढायची. झाडूने भागत नाही. तेल सांडलेली जागा असेल तर आधी तेल काढायचं. नुसतं ग्राइंडिंग केलं तर तेल पसरतं.

दुसरी गोष्ट ओल. नवा कोबा २८ दिवसांनी ताकद धरतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ताकद येणं वेगळं आणि वाळणं वेगळं. मोठ्या जाडीचा कोबा आतून वाळायला काही महिने घेतो. त्याच्याखाली प्लॅस्टिकचा कागद घातलेला नसेल, तर जमिनीतली ओल वर येतच राहते. इपॉक्सी म्हणजे झाकण. खालून वाफ आली की झाकणाला फोड येतात. तपासणी स्वस्तात होते. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही कडा टेपने बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. दर ५०० चौरस फुटांना एक. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर काम सुरू करायचं नाही. या चाचणीत नापास झालेला कोबा नक्की ओला असतो. पास झालेला मात्र नक्की कोरडा असतोच असं नाही. म्हणून जोडीला मॉइश्चर मीटर हवा, आणि मोठ्या कामाला कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मोजून घ्यावी. इथल्या मुकादमाशी बोलायला मी पहिलं कन्नड वाक्य शिकलो ते हेच : "नेल ओणगिदेया?" जमीन वाळली का?

आता इकडची खास अडचण. आमच्याकडे पाऊस जून-जुलैत पडून संपत नाही. मे महिन्यात वळीव झोडपतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोराचा पाऊस असतो. नेमक्या त्याच सुमारास दसरा. कर्नाटकात आयुधपूजा म्हणजे कारखान्याचा सण. यंत्रं धुऊन-पुसून पूजा, मालकाचं कुटुंब येतं, पाहुणे येतात. साहजिकच प्रत्येकाला फ्लोअर आयुधपूजेच्या आधी चकचकीत हवं. वर्षातली सगळ्यात जास्त मागणी आणि सगळ्यात ओली जमीन एकाच वेळी समोर येतात.

अशाच एका गोदामाचं काम माझ्याकडे आलं होतं. नाव सांगत नाही. शेड जुनी, मागची भिंत उताराच्या बाजूला. सोळा ठिकाणी प्लॅस्टिक लावलं. मागच्या भिंतीलगतच्या पाचांत सकाळी पाणी. मी सांगितलं, पुढचा भाग आत्ता करतो, मागचा पट्टा जानेवारीत बघू. मालकांना सणाला सगळं एकसारखं हवं होतं. काम दुसऱ्याने घेतलं आणि पूर्ण केलं. पुढचं तीन-चतुर्थांश फ्लोअर अजून उत्तम आहे. मागच्या पट्ट्याला उन्हाळ्याच्या आत फोड आले आणि त्या कंत्राटदाराचे अडकलेले पैसे तिथेच राहिले. तिथून मला पुन्हा काम मिळालेलं नाही, हेही सांगून टाकतो. नकार दिला की गिऱ्हाईक जातं. तो हिशेब धरूनच नकार द्यायचा असतो.

आता कागद-पेन्सिल घ्या. दर तुमच्या गावाप्रमाणे बदलतील. मी आकडे उदाहरणासाठी धरतो. काम १०,००० चौरस फूट, म्हणजे ९२९ चौरस मीटर. जाडी २ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाडीला बरोबर १ लिटर माल लागतो, हे सूत्र भिंतीवर लिहून ठेवा. म्हणजे १,८५८ लिटर. माल लिटरला दीड किलो धरला तर साधारण २,७९० किलो. किलोचा भाव १८० रुपये धरा. माल झाला ५ लाख २ हजारांचा. तुम्ही दर दिलात फुटाला ८५ रुपये, बिल ८ लाख ५० हजार. प्रायमर, मजुरी, ग्राइंडिंग, वाहतूक, राहणं-खाणं वजा जाता १२ टक्के उरतील असं समजा : १ लाख २ हजार.

आता कोबा खडबडीत निघाला आणि सरासरी जाडी २ ऐवजी २.३ मिलिमीटर झाली. फक्त ०.३ मिलिमीटर. जास्तीचा माल ४१८ किलो, ७५ हजार रुपये. नफ्यातला तीन-चतुर्थांश भाग त्या खड्ड्यांत गेला आणि कुणाला दिसलाही नाही. म्हणून दर सांगण्याआधी जागेवर जायचं. दोन मीटरची सरळ पट्टी कोब्यावर ठेवायची, खालची फट मोजायची आणि खड्डे आधी वाळू मिसळलेल्या स्वस्त मालाने भरायचा खर्च वेगळा लावायचा. सैन्यात रेकी न करता कुणी पूल टाकत नाही. फोनवर फोटो बघून दर देणारे मात्र या धंद्यात पुष्कळ भेटतील.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी हवामान बघा. जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. नाहीतर वर पांढुरका, चिकट थर येतो आणि पुढचा हात धरत नाही. आणखी एक, सकाळी काम सुरू करण्याची आपली सवय इथे नडते. ऊन चढलं की कोबा तापतो, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या मालात बुडबुडे उठतात. दुपारनंतर, जमीन थंड व्हायला लागली की माल ओता. मिसळताना कमी वेगाचा ड्रिल, बादलीच्या कडा आणि तळ खरवडून पुन्हा मिसळणं, आणि मिसळलेला माल लगेच जमिनीवर. बादलीत ठेवलात तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि बघता बघता दगड होतो. त्या क्षणी चहा सांगायचा नसतो. दातेरी पट्टीने पसरवणारा एक, काटेरी बूट घालून काटेरी रोलर फिरवणारा दुसरा, मिसळणारे दोघे. या चौघांचा ताल बसेपर्यंत ५०० फुटांच्या वर काम घेऊ नका.

माणसांचं सांगतो, कारण हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. ग्राइंडिंगची धूळ म्हणजे सिलिका. ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही. चांगला मास्क आणि ग्राइंडरला जोडलेला व्हॅक्यूम हवाच. हार्डनर कातडीला लागत राहिला तर ॲलर्जी येते, आणि एकदा आली की तो माणूस जन्मभर या कामाला मुकतो. नायट्राइलचे हातमोजे द्या. हात थिनरने धुणारा मुलगा दिसला तर तिथेच थांबवा. थिनर कातडीचं तेल काढून टाकतं आणि हार्डनरला वाट मोकळी करून देतं.

आता मशीन. ग्राइंडर आणि व्हॅक्यूम सुरुवातीला भाड्याने घ्या; बंगळूर, पुणे, कोल्हापूर पट्ट्यात सोय होते. साइटवर थ्री-फेज वीज आहे का, ते आधी विचारा. विकत घ्यायच्या त्या लहान वस्तू : वजनकाटा, मिक्सर, मॉइश्चर मीटर, आर्द्रता आणि जमिनीचं तापमान मोजायची यंत्रं, रोलर, बूट. मालाच्या मोठ्या कंपन्या काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतात, ते जरूर घ्या. पुंजीचा मोठा वाटा मात्र हातात ठेवा. का, ते वरच्याच उदाहरणात बघा.

८ लाख ५० हजारांच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ५३ हजार. मालावर भरलेले सुमारे ९० हजार वजा जातात. उरलेले ६० हजारांच्या वर पुढच्या महिन्यात भरायचे, गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत. टीडीएस १ टक्का कापला जातो, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. आणि बऱ्याच ठिकाणी ५ ते १० टक्के रक्कम वर्षभर अडकवून ठेवतात. १० टक्के म्हणजे ८५ हजार. तुमचा जवळजवळ सगळा नफा वर्षभर दुसऱ्याच्या तिजोरीत. उद्यम नोंदणी करा, ती फुकट आहे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा आहे. पण माल आणि मजुरी मिळून घेतलेलं कंत्राट त्यात बसतं की नाही यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. ४० टक्के आगाऊ, माल साइटवर उतरला की ४० टक्के, अशी भाषा पहिल्या भेटीत वापरा.

गिऱ्हाईक कुठे शोधाल? मोठ्या कारखान्याच्या गेटवर उभं राहण्यापेक्षा त्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने गाठा. मोठ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला की धुळकट जमिनीवर बोट ठेवतो आणि मग यांना तुमची आठवण होते. शेड उभारणारे कंत्राटदारही ओळखीचे ठेवा. कोबा टाकण्याआधी त्यांनी विचारलं तर खाली प्लॅस्टिक घालायला सांगता येतं. आणि इपॉक्सी कुठे विकायचं नाही, तेही ठरवा. उन्हात ते पिवळं पडतं आणि खडूसारखं सुटतं, म्हणून उघड्या जागेत नाही. गरम पाण्याने धुतल्या जाणाऱ्या डेअरी-बेकरीत नाही. तिथे पीयू काँक्रीट लागतं, ते शिकायला आणखी एक वर्ष द्या. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना स्थिर वीज वाहून नेणारं वेगळं फ्लोअर लागतं, तांब्याच्या पट्ट्यांसकट. चांगले पैसे मिळतात, पण पहिल्या वर्षी हात घालू नका.

कोटेशनच्या शेवटी माझी एक ओळ ठरलेली असते : जमिनीखालून येणाऱ्या ओलीमुळे झालेल्या बिघाडाला हमी लागू नाही, ओलीच्या चाचणीचे आकडे सोबत जोडले आहेत. त्या आकड्यांखाली गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय ग्राइंडर गाडीतून उतरवू नका. पुढच्या भागात कोबा किती कठीण आहे हे ओळखून ग्राइंडरचे डायमंड कसे निवडायचे, ते प्रत्यक्ष दाखवतो.