टिंबाला चिकटलेली मात्रा

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर आणि भंडारा अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. समजा, त्याची माहितीपत्रिका उमरेडच्या एक शिक्षिका आणि पवनीचा एक गाईड मिळून लिहिताहेत. आपापल्या गावातून, एकाच वेळी. मजकुरात चुकून ‘उमरड’ पडलंय. बाई तिसऱ्या खुणेनंतर, म्हणजे ‘र’नंतर, मात्रा देतात. त्याच क्षणी गाईड त्या शब्दाआधी ‘ता.’ आणि मोकळी जागा टाकतो. ‘तिसरीनंतर मात्रा’ हा निरोप त्याच्याकडे जसाच्या तसा पोचला, तर मात्रा ‘र’ सोडून ‘ता.’च्या टिंबाला चिकटेल. संगणक काना, टिंब, मोकळी जागा सगळंच मोजतो ना!

यावरचा तोडगा क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी 1989 मध्ये मांडला. आलेला निरोप अमलात आणण्याआधी त्याची जागा सरकवायची; तिच्याआधी चार खुणा आल्या, तर तीनचे सात करायचे. गूगल डॉक्स आणि 2008 मध्ये आलेलं ईथरपॅड याच कुळातले. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला कायमची ओळख मिळते, त्यामुळे रेंज जाऊन-येऊन असली तरी बदल मागाहून नीट जुळतात. मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तिची पक्की मांडणी केली.

मजकूर कधीच जड नसतो. देवनागरीतल्या हजार खुणा साधारण तीन किलोबाइटांत मावतात. जड असतं ते पान उघडताना उतरणारं लटांबर. म्हणून दोन पानी पत्रिकेला माझं मत ईथरपॅडला. खातं उघडायची गरज नाही, कोणी काय लिहिलं ते रंगावरून कळतं, जुने बदलही मागे जाऊन पाहता येतात. मात्र दुवा ज्याच्या हाती, तो लिहू शकतो. आणि फुकटच्या सर्व्हरवर मजकूर किती दिवस राहील याचा भरवसा नाही. प्रत त्याच संध्याकाळी उतरवून ठेवावी. गाईडांचे फोन नंबर लिहायचे असतील, तर ब्राउझरमध्येच मजकूर कुलूपबंद करणारं क्रिप्टपॅड बरं, थोडं जड असलं तरी.

साधन निवडण्याआधी दोघांनी एकदा ‘कऱ्हांडला’ टाइप करून शोधून पाहावं. काही कीबोर्ड त्यातला अर्धा र वेगळ्या खुणांनी, मध्ये एक अदृश्य जोडखूण घालून लिहितात. दिसायला दोन्ही सारखेच. पण खुणा मोजून शोधणाऱ्या साधनाला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि अर्धेच सापडतात. तसं झालं तर ईथरपॅडला बोल लावू नये. दोघांपैकी एकाचा कीबोर्ड बदलावा.