पाळलेल्या कासवाला कोणते पाणी द्यावे?



आमच्या एमआयडीसीच्या गल्लीत एका काकांकडे काचेच्या पेटीत छोटे हिरवे कासव आहे. त्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो, म्हणून त्याला लाल कानाचे कासव म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतले. "पाण्यातलंच जनावर, त्याला कोणतंही पाणी चालतंय की," असे पुष्कळ लोक म्हणतात. ते बरोबर नाही. का, ते मी सांगतो.

कासव, साप, पाल, सरडा हे सरपटणारे प्राणी. बहुतेक सगळे पाण्याची फार काटकसर करतात. भिंतीवरच्या पालीची लेंडी बघा. तिच्या टोकाला चुन्यासारखा पांढरा ठिपका असतो. तीच तिची लघवी! पाणी वाया जाऊ नये म्हणून ती अशी घट्ट असते. पण प्यायला पाणीच कमी मिळाले तर हा पांढरा पदार्थ अंगात साचतो आणि मूत्रपिंड व सांधे दुखावतात. डोळे खोल जाणे, कातडी सुरकुतणे ही तहानेची लक्षणे आहेत.

पाणी पिण्याची रीतही निरनिराळी. साप तोंड पाण्यात बुडवून पितो. सरडा पानावरचे थेंब चाटतो. ऑस्ट्रेलियात एक काटेरी सरडा आहे, त्याच्या खवल्यांमधल्या बारीक खाचांतून पाणी आपोआप तोंडापर्यंत चढते. आपले लाल कानाचे कासव मात्र ज्या पाण्यात पोहते, त्यातच खाते, त्यातच घाण करते आणि तेच पिते. म्हणून पेटीतले पाणी हेच त्याचे पिण्याचे पाणी, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता एकेक पाणी पाहू.

नळाचे पाणी : जालना शहराला घाणेवाडी तलावाचे आणि जायकवाडीचे पाणी येते. खेड्यात विहिरीच्या नाहीतर टाकीच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातल्या क्लोरीनने जंतू मरतात. ते आपल्याला हवेच. पण उग्र वास येत असेल तर त्याने कासवाचे डोळे चुरचुरतात. असे पाणी घमेल्यात किंवा पसरट टोपात एक दिवस उघडे ठेवावे, क्लोरीन उडून जातो. परदेशात काही शहरांत क्लोरामाइन वापरतात, ते असे उडत नाही.

बोअरचे पाणी : आपल्याकडे काळा पाषाण, त्यामुळे बोअरचे पाणी बहुधा जड. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर धरतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतात. आपण जे बोअर पितो, ते कासवालाही द्यावे. जे आपण फक्त सांडायला वापरतो, ते देऊ नये.

जारचे पाणी : हे चालते, पण थंडगार जार ओतू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अंग बाहेरच्या हवेपाण्याप्रमाणे थंड-गरम होते. एकदम गार पाण्याने कासव सुस्त पडते, खाल्लेले पचत नाही.

डबक्याचे पाणी : कारखान्यांच्या बाजूला पावसात डबकी साचतात. वर तेलाची रंगीत साय दिसते, तळाला लोखंडाचा कीस असतो. ते पाणी कासवाला नको, शेळीला नको, कुणालाच नको. "उकळून घेऊ," असे कुणी म्हणेल. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते आणि धातू तेवढेच राहतात. तुरटीनेही फक्त गाळ खाली बसतो.

पावसाचे पाणी चांगले, पण पत्र्यावरची काजळी धुऊन जाईपर्यंत पहिल्या सरीचे धरू नये.

आता थोडे गणित करू. पेटी 60 सें.मी. लांब, 30 सें.मी. रुंद आणि 30 सें.मी. उंच धरा. 60 × 30 × 30 = 54,000 घन सें.मी., म्हणजे 54 लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे. म्हणजे पेटी एकदा काठोकाठ भरायची तर एका माणसाचे दिवसाचे पाणी लागले! आणि पाणी घाण झाले की बदलावेच लागते. उन्हाळ्यात टँकरवर नंबर लागतात तेव्हा आई म्हणते, "माणसाला पाणी नाही, कासवाला कुठून देऊ?" तिचे खरे आहे. म्हणून कासव दुकानातून आणायच्या आधी पाण्याचा हिशेब करावा. हे कासव वीस-तीस वर्षे जगते, म्हणजे तितके उन्हाळे मोजावेत. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी काढलेले पाणी फुलझाडांना घालावे.

आणखी एक महत्त्वाचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्याने लहान मुलांना ताप-जुलाब होतात. त्यामुळेच अमेरिकेत 1975 साली चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकायला बंदी आली. पेटी धुताना ती भांड्यांच्या मोरीत नको, माठाजवळ तर नकोच. हात साबणाने धुवावेत.

जुनी माणसे सांगतात, विहिरीत कासव सोडले की पाणी शुद्ध राहते. कासव किडे, मेलेले मासे खाते हे खरे, पण जंतू मारत नाही. शिवाय आपल्याकडची रानातली कासवे, घोरपड, साप पकडणे किंवा पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. असा प्राणी जखमी दिसला तर वनखात्याला 1926 नंबरवर फोन करावा. नकोसे झालेले लाल कानाचे कासवही विहिरीत, तलावात सोडू नये. ते आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

लक्षात ठेवा :
1. जे पाणी आपण पिऊ शकतो, तेच कासवाला द्यावे.
2. उग्र वासाचे पाणी एक दिवस उघडे ठेवावे.
3. थंडगार पाणी आणि डबक्याचे पाणी देऊ नये.
4. पेटी वेगळ्या जागी धुवावी, मग हात धुवावेत.
5. पाण्याची सोय नसेल तर प्राणी आणू नये.

मुक्या जिवाला पाणी मागता येत नाही. ते आपणच ओळखून द्यायचे असते.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी