आधी घराचे गणित, मग पाया

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. दोन्हींत पैसा लागतो. पण घर बांधण्यात चूक झाली तर ती नुसत्या पैशावर निभावत नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. गणपतीचे विसर्जन करून गावे झोपली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या किल्लारी परिसराची जमीन हादरली. सुमारे 8,000 माणसे दगावली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा धक्का मध्यमच होता. मग एवढी माणसे का गेली? ती गेली आपल्याच घराखाली सापडून. आणि ती घरे काही मोडकी नव्हती. दोन-दोन, कुठे चार फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. अशा घराला गावात भक्कम म्हणत.

जाड भिंत का फुटली?

या भिंती बाहेरून एकसंध दिसत, पण आतून त्या दोन होत्या. बाहेरच्या अंगाला मोठे दगड, आतल्या अंगाला मोठे दगड, आणि मधल्या पोकळीत चिपा व चिखल. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसताच भिंतीची दोन अंगे एकमेकांपासून सुटली आणि ढासळली. कोपऱ्यातही एक भिंत दुसरीत नीट गुंफलेली नव्हती. काही घरांत माळवद लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होते. तिथे भिंती पडल्या, तरी लाकडाचा सांगाडा उभा राहिला, कारण तो एकमेकांत जोडलेला होता.

आता माळवदाचा हिशेब तुम्हीच करून पाहा. 10 फूट बाय 12 फुटांची खोली, वर दीड फूट माती. म्हणजे 180 घनफूट माती झाली. एका घनफुटाला साधारण 45 किलो धरले, तर 8,100 किलो. म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर 81 क्विंटल ओझे! त्याच खोलीवर साडेचार इंचांचा स्लॅब टाकला, तर त्याचे वजन 32 क्विंटलच्या आसपास भरते.

इंजिनिअर काय मोजतो?

हा असा हिशेब म्हणजेच संरचनेच्या विश्लेषणाची सुरुवात. नाव मोठे असले तरी त्यातले प्रश्न साधे आहेत. घरावर ओझे किती? ते कोणत्या वाटेने जमिनीत उतरते? आणि त्या वाटेवरचा प्रत्येक भाग, म्हणजे स्लॅब, बीम, कॉलम किंवा भिंत, पाया आणि खालची जमीन, ते पेलेल का? वाटेत एक जागा कच्ची राहिली की बाकीचे पक्के काम वाया जाते.

चौथा प्रश्न आडव्या धक्क्याचा. भरलेल्या गाडीला बैलांनी एकदम हिसका दिला की वरची पोती मागे कलंडतात. भूकंपात घराचे तसेच होते. पाया सरकतो आणि छत जागीच राहू पाहते. ओझे जितके जास्त, तितका हा धक्का मोठा. उभे ओझे या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या पेलले. आडव्या धक्क्याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

‘आमच्याकडे असे कधी झाले नाही’ असे म्हणू नका. किल्लारीचा भाग त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली नकाशा सुधारला, तेव्हा तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला.

दगडाचे घर बांधताना

दगड वाईट नाही, बांधणी वाईट असते. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नका. गोटे न वापरता घडवलेला दगड वापरा आणि चिखलाऐवजी सिमेंट-वाळूत बांधा. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड आरपार घाला. दारे-खिडक्या कोपऱ्याला चिकटवू नका.

सर्वांत महत्त्वाचा काँक्रीटचा पट्टा. कडब्याची पेंढी आळ्याशिवाय टिकत नाही, तसेच घराचे आहे. दारे-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून अखंड फिरणारा हा पट्टा निदान 3 इंच जाड हवा. त्यात 8 मिलिमीटरच्या निदान दोन सळया आणि त्यांना सहा-सहा इंचांवर 6 मिलिमीटरच्या कड्या हव्यात. कोपऱ्यात पट्टा तुटला, तर तो नसल्यासारखाच.

जुने घर असेल तर माळवदावर दरवर्षी नवी माती चढवत जाऊ नका. जाणत्याला दाखवून जादा माती उतरवा. भिंतीत आरपार भोके पाडून, त्यांत आकड्याची सळई ठेवून काँक्रीट भरता येते. किल्लारीनंतर जुनी घरे मजबूत करताना ही पद्धत वापरली गेली.

स्लॅबच्या घरालाही गणित आहे

स्लॅब पडला म्हणजे काळजी मिटली, असे नाही. राहत्या खोलीची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो ओझे धरून आखतात. 50 किलोचे आडवे पोते सुमारे अर्धा चौरस मीटर जागा घेते. म्हणजे दोन थरांतच मर्यादा गाठली. माडीवर सहा थरांची थप्पी लावली, तर ओझे तिप्पट झाले. धान्य खालच्या खोलीत ठेवा, नाहीतर माडीवर कोठार करायचे आहे हे इंजिनिअरला आधीच सांगा. एका मजल्याच्या पायावर विचारल्याशिवाय दुसरा मजलाही चढवू नका.

पुढे आलेल्या छज्जाची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण तिथे काँक्रीटला ताण बसतो. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली ती दबली, तर छज्जा खाली येऊ शकतो. त्या दिवशी स्वतः उभे राहून पाहा. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथला पाया शेजाऱ्याच्या घराकडे पाहून नव्हे, आपल्या जमिनीची परीक्षा करून ठरवा.

आपला गवंडी हातचा कसबी असतो, त्याचा मान ठेवा. पण ओझ्याचे गणित इंजिनिअरकडून करून घ्या आणि सळयांचा नकाशा गवंड्याच्या हातात द्या. विहिरीला पाणी किती ते पाहूनच आपण ऊस लावतो ना? मग ज्या छताखाली लेकरे निजायची, त्याचाही हिशेब पाया खणण्याआधी कागदावर उतरू द्या.