ट्रोजन काढायला पैसे लागत नाहीत

फैजपूर परिसरातल्या आपल्या कितीतरी बचत गटांचे हिशोब आता वहीतून लॅपटॉपवर आले आहेत. म्हणून आज आपण ट्रोजनविषयी बोलू या.

ट्रोजन हा बहुरूपी असतो. बिल, लग्नपत्रिका नाहीतर योजनेचा फॉर्म असं सोंग घेऊन तो येतो. आपणच फाईल उघडून त्याला घरात घेतो आणि मग तो गुपचूप बँकेचा पासवर्ड पळवतो.

त्याला शोधायचं कसं? विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो, तोही फुकट. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘फुल स्कॅन’ निवडा. वेळ लागतो, म्हणून रात्री लावून ठेवा. शिवाय केंद्र सरकारने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं आहे. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर सफाईची साधनं मोफत मिळतात. त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही आहे.

पण एक ध्यानात ठेवा. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, इथे दाबा’ अशी पाटी अचानक आली, तर दाबू नका. पुष्कळदा औषधाच्या नावाने तोच चोर आलेला असतो.

संगणक साफ होईपर्यंत त्यावर बँकेचं काम नको. पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बदला. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

गटाचा पैसा पोटाला चिमटा काढून साठवलेला असतो. आम्ही म्हणतो, पुढच्या बैठकीत हिशोबाआधी स्कॅन लावू या.