पिशवी घरची, यादी घरची

देगलूर म्हणजे तेलंगणा-कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव. बाजारात तिन्हीकडचा माल दिसतो आणि हात आपोआप पर्सकडे जातो. पण मैत्रिणींनो, आठवड्याला ५० रुपयांचं नको ते घेतलं, तरी वर्षाचे २६०० होतात! जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं आणि बी-बियाणं एकदमच येतं, तेव्हा तेवढ्याच पैशांसाठी व्याजानं उसने घ्यावे लागतात.

आपल्या सासवा काय करायच्या? जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायच्या. नवी तूर निघाली की वर्षाची डाळ करून, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून ठेवायच्या. तो कंजूषपणा नव्हता, हिशोब होता.

राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. एका जुन्या सुती साडीच्या आठ-दहा पिशव्या सहज होतात. बाजाराला निघताना आधी डबे उघडून बघा, यादी करा, तेवढेच पैसे घ्या. एखादी वस्तू फारच आवडली तर आठवडाभर थांबा. पुष्कळदा तिची गरजच उरत नाही.

वाचलेले पैसे मात्र डब्यात ठेवू नका, बचत गटाच्या बैठकीत भरा. मग पुढच्या जूनमध्ये लेकीच्या फीसाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही.