सर, पाचवा आहे का?

नवीन पनवेलमधल्या एका शाळेचं मैदान, मुलींचा आंतरशालेय बास्केटबॉल सामना, तिसरा क्वार्टर संपत आलेला. ड्रिबल करत निघालेल्या मुलीला धक्का बसला. माझ्या सहपंचांनी फाऊल दिला आणि दोन फ्री थ्रोची खूण केली. गुणलेखकाच्या टेबलवर टीम फाऊलची लाल खूणही उभी होती. माझ्या हिशेबाने मात्र क्वार्टरमधला तो चौथाच फाऊल होता. खेळाडू बास्केटकडे शॉट मारत नसताना फाऊल झाला, तर फ्री थ्रो मिळतात ते पाचव्या टीम फाऊलपासून.

चेंडू माझ्याच हातात होता. तो तसाच धरून मी त्यांच्याजवळ गेलो, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि हळूच विचारलं, “सर, पाचवा आहे का? टेबलला विचारू या?”

टेबलवरून उत्तर आलं, चौथा. लाल खूण चौथ्या फाऊलनंतर खेळ पुन्हा सुरू होताना लावायची असते. ती घाईने आधीच लागली होती. सहपंचांनी स्वतःच फ्री थ्रो रद्द केले, साइडलाइनवरून थ्रो-इन दिला, दोन्ही प्रशिक्षकांना कारण सांगितलं. अर्ध्या मिनिटाचं काम.

1891 साली जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचे 13 नियम लिहिले, तेव्हाही पंच दोनच: एकाची नजर खेळाडूंवर, दुसऱ्याची चेंडूवर. आज फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, नियम सांगतो की सहकाऱ्याने त्याच्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाने फिरवायचा नाही. मतभेद झाला तर शेवटचा शब्द मुख्य पंचाचा. म्हणून धक्का होता की नव्हता, यात मी पडत नाही. तो त्यांच्या कोनातून त्यांना दिसलेला असतो. फाऊल कितवा, हे मात्र गुणपत्रिकेत लिहिलेलं असतं. तिथे गप्प बसणं म्हणजे सहकाऱ्याला चुकीत एकटं सोडणं.

फ्री थ्रो मारले गेल्यावर कळलं असतं तरी वाट होती. नको ते फ्री थ्रो देणं, हक्काचे न देणं, ते भलत्याच खेळाडूने मारणं, गुण चुकीचे देणं किंवा कापणं, या चार चुका सुधारता येतात. पण चुकीनंतर घड्याळ चालू होऊन चेंडू एकदा डेड झाला आणि पुन्हा लाइव्ह झाला, की दार बंद. म्हणून शंका आली त्याच क्षणी विचारावं.

जिचे फ्री थ्रो गेले, तिच्या हातात मी थ्रो-इनसाठी चेंडू दिला. ती म्हणाली, “चौथाच होता, सर. मी मोजत होते.”