रामापिथेकसचा जबडा

शाळा शिकणारी मुले जेवताना आईबापांना हटकून विचारतात : माणूस माकडापासून झाला काय? उत्तर देण्यापूर्वी ‘माकड’ म्हणजे कोण, हे ठरविले पाहिजे. आपली कौले फोडणाऱ्या माकडाला शेपूट असते. गिबन, ओरांगउटान, गोरिला व चिंपांझी ह्यांना ती नसते; त्यांचा खांदा मोकळा फिरतो आणि खालच्या दाढेवर पाच उंचवटे असतात. ह्यांस कपी म्हणावे. आपल्या दाढांवरही पुष्कळदा तीच खूण आढळते, म्हणून शास्त्रज्ञ मानवाला ह्याच गटात बसवितात. पण आजचा चिंपांझी आपला आजोबा, असे त्यांतील कोणी म्हणत नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच त्यांचे म्हणणे. ह्याने श्रद्धाळू मातापित्यांनी घाबरून जाऊ नये. मानवी देहाच्या उत्पत्तीविषयी संशोधन करण्यास पोप बारावे पायस ह्यांनी १९५० च्या परिपत्रकात आडकाठी केली नाही. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो, हे त्यांनी बजावले.

मानवाचा पूर्वज आपल्याच देशात सापडला, असे एकेकाळी वाटत होते. १९३२ साली जी. एडवर्ड लुईस ह्या अमेरिकन तरुणास शिवालिक टेकड्यांत, हरितल्यांगर येथे, वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. त्याने त्यास रामापिथेकस, म्हणजे रामाचा कपी, असे नाव दिले. (तिथल्या कपींना देवांची नावे देण्याची तेव्हा रीतच होती, शिवापिथेकस हे नाव १९१० सालचे.) १९६० नंतर एल्विन सायमन्स व डेव्हिड पिलबीम ह्या विद्वानांनी त्या जबड्यास मानवाच्या वंशावळीत प्रथम स्थान दिले. पण जबडा अपुरा होता. मधला भाग नव्हताच. तो अनुमानाने भरताना माणसासारखी कमान काढण्यात आली.

१९६७ साली व्हिन्सेंट सॅरिच व ॲलन विल्सन ह्यांनी रक्तातील प्रथिने ताडून पाहिली. माणूस व आफ्रिकेतील कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वीच विभक्त झाले, असा त्यांचा हिशेब निघाला. रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना! हाडे तपासणाऱ्यांना हा हिशेब रुचला नाही. पुढे पाकिस्तानातील पोतवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा सापडला. १९८२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले : डोळे जवळजवळ, चेहरा खोलगट, थेट ओरांगउटानसारखा. ते वर्णन पिलबीम ह्यांनीच लिहिले होते. स्वतःचे मत असे चारचौघांत बदलणारा विद्वान मला तरी विरळा वाटतो. रामापिथेकस आज शिवापिथेकसमध्येच गणला जातो. त्याच प्राण्याची दंडाची हाडे मात्र ओरांगउटानशी जुळत नाहीत, हे १९९० साली पुढे आले, आणि त्याची सोयरीक कोणाशी जुळवावी हा वाद पुन्हा सुरू झाला.